सुईपुरतं ‘तू’

“काबर घाबरी ऱ्हायना, मन्हा राजा? तुले सवय शे ना आते. झायं, झायं.”

कामिनीचे हे शब्द स्वयंपाकघरातून आले तेव्हा भूपेंद्र मागच्या दारात खुंटीला आरसा अडकवून दाढी करत होता. त्याचा हात थांबला. गाल कापला वगैरे काही नाही, तसला भित्रा हात त्याचा नव्हताच. पण अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो आरशातल्या माणसाकडे बघत राहिला. ‘का घाबरतोस, माझ्या राजा’ हे शब्द त्याचे होते. आणि त्याच्या बायकोने ते एकही अक्षर न बदलता मांजराला देऊन टाकले होते. मनीचं दुखणं उलटलं होतं, कालच डॉक्टरने पुन्हा इन्सुलिन चालू करायला सांगितलं होतं, मानेमागची कातडी चिमटीत धरून कामिनी तिला आज पहिल्यांदा स्वतः टोचत होती, हे सगळं त्याला ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. मुक्या जनावराला औषध द्यायचं नाही का? द्यायचं. पण मांजरीला ‘राजा’? मनी मादी होती. ‘घाबरी ऱ्हायनी’ म्हणायचं, ‘रानी’ म्हणायचं, शब्दांची काय टंचाई पडली होती? कामिनीने तेवढीही तसदी घेतली नव्हती. नवऱ्याचा जुना सदरा, बाह्यासुद्धा आखूड न करता, मांजरीच्या अंगात घालावा तसं केलं होतं तिने. भूपेंद्रने साबण पुसला. दाढी त्या दिवशी अर्धीच राहिली आणि ते कामिनीच्या लक्षातही आलं नाही.

या बाईने लग्न झाल्यापासून त्याला ‘तुम्ही’च म्हटलं होतं. पोरगी चेतना मोठी झाली, सुरतेला नांदायला गेली, तिला पोरं झाली, तरी ‘तुम्ही’ काही सुटलं नाही. ‘तुम्ही जेवनात का?’ प्रेमात ‘तुम्ही’, भांडणात तर जास्तच ‘तुम्ही’, ‘तुम्हले काही समजस नही’ असं आदबीने ती त्याची अक्कल काढायची. इथे अक्कलकुव्यात काय आणि तिकडे तापीकाठच्या गावांत काय, त्यांच्या पिढीची बायको आणखी काय म्हणणार? भूपेंद्रलाही ते कधी खटकलं नव्हतं. मग त्याला साखरेचा आजार झाला, गोळ्यांनी भागेना, दवाखान्यातल्या नर्सने कामिनीला संत्र्यावर टोचून टोचून सुई धरायला शिकवलं, आणि घरातल्या पहिल्याच सकाळी, त्याचा दंड चिमटीत धरून, मान खाली घालून, ती पुटपुटली : “काबर घाबरी ऱ्हायना, मन्हा राजा?” त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी तो कान देऊन बसला. चूक नव्हती. रोज सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत तो ‘तू’ असायचा, तिने कापूस फेकला की “तुम्ही चहा लेतस ना?” आणि परत ‘तुम्ही’. याबद्दल तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. बोललं की ते जाईल, एवढं त्याला कळत होतं. फक्त तो सकाळी लवकर उठू लागला आणि ती आंघोळीहून येण्याआधीच बाही वर करून बसू लागला. साखरेच्या रोगावर असं प्रेम करणारा माणूस साऱ्या तालुक्यात दुसरा सापडला नसता.

हे सुख घालवलं पोटच्या पोरीने. दिवाळीला आली ती सुरतेहून इन्सुलिनचं पेन घेऊन. “पप्पा, आते मम्मीले त्रास नको. आपलाच हाते टोचता येस.” भूपेंद्रने कामिनीकडे बघितलं. ती म्हणेल, कसाले हाई नवं, मी शे ना. कामिनी म्हणाली, “बरं झायं बाई,” आणि तिने असा लांब श्वास सोडला की तो त्याला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. सुटली. ही बाई आपल्यापासून सुटली. आता या वयात, पोरीसमोर, ‘मला पेन नको, तुझी आईच पाहिजे’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्याने पेन घेतलं. तेव्हापासून तो मोरीचं दार लावून स्वतःच्या पोटात टोचून घ्यायचा. तिथे कोणी कोणाशी बोलत नसे.

आणि ही मनी आणली तरी कोणी? त्यानेच. भूपेंद्र कापसाच्या जिनिंगमध्ये ग्रेडर होता, प्रत ठरवणारा. कापसाचा पुंजका दोन बोटांत ओढायचा, अंगठ्यावर धरायचा, आणि धाग्याची लांबी सांगून मोकळा व्हायचा. मशीन मागाहून तेच सांगायचं. मापाची पट्टी त्याने आयुष्यात खिशात ठेवली नाही. मनी त्या कापसाच्या ढिगात जन्मली, तिची आई हायवेवर ट्रकखाली गेली, तेव्हा कोटाच्या खिशात घालून त्याने हे बोटभर पिल्लू घरी आणलं. खिशातून तिने डोकं बाहेर काढलं, समोर कामिनी दिसली, आणि तिथेच निकाल लागला. आणली त्याने, झाली तिची. तो ओसरीवर असला की मनी स्वयंपाकघरात, तो स्वयंपाकघरात गेला की मनी ओसरीवर. पुढे तिलाही साखर निघाली तेव्हा कामिनी हसून म्हणाली होती, “हाई बी तुम्हनावर गई,” आणि तेव्हा मात्र त्याला बरं वाटलं होतं. त्या खेपेला चेतना बाळंतपणाला माहेरी होती; टोचायचं काम तिनेच अंगावर घेतलं. मनीच्या कानाच्या कडेतून रक्ताचा थेंब काढून साखर मोजायची ती भूपेंद्रच्याच मशीनवर, आणि त्या मशीनला माणसाचं रक्त आणि मांजराचं रक्त यात काडीचा फरक कळत नसे. काही महिन्यांनी मनीचं इन्सुलिन सुटलं. मांजरांचं कधी कधी सुटतं, अंकलेश्वरचा जनावरांचा डॉक्टर फोनवर म्हणाला, माणसांचं सहसा नाही. हेही भूपेंद्रला लागलं. पण तेव्हा त्याला एक समाधान होतं : तो शब्द घरात आता कोणाचाच नव्हता. त्याचा नाही तर नाही, दुसऱ्याचाही नाही. मग मनी पुन्हा पाण्याच्या भांड्याशी बसू लागली, भांडं सुकवू लागली, पाठीचा कणा हाताला लागू लागला, दातात पू झाला होता त्याने साखर परत चढली असं डॉक्टर म्हणाला. आणि शब्द परत आला. फक्त पत्ता चुकला.

त्यानंतरचे दिवस भूपेंद्रने फार वाईट काढले. मनीच्या सुईच्या वेळी त्याला हटकून स्वयंपाकघरात काम निघे. पाणी प्यायला जायचं, चष्मा शोधायचा. कामिनी फ्रिजच्या दारातून बाटली काढायची, दोन तळहातांत हळूहळू घोळायची, लाल टोपणाची बारीक सिरिंज उजेडात धरून दोन रेघा भरायची. त्या घरात युनिट हा शब्द कोणी कधी वापरलाच नाही. नर्सने शिकवलं तेव्हापासून सगळं रेघांत. मग ती खाली बसायची, चिमूट धरायची, आणि यायचं ते वाक्य. भूपेंद्र फ्रिजकडे तोंड करून उभा राहायचा. एकदा तो म्हणाला, “माले आज चक्कर येस.” कामिनी मान वर न करता म्हणाली, “पेन टाइमवर लेत जा ना मंग.” त्याची भाकरी ताटात निवायची आणि मनीचं उकडलेलं मटण मात्र ती फुंकर घालून द्यायची. आपण एका मांजरीवर जळतो आहोत हे त्याला चांगलं कळत होतं. साठी उलटलेला, चारचौघांत मान असलेला माणूस. कळण्याने जळणं थोडंच थांबतं? उलट आता मांजरीचा राग आणि स्वतःची लाज अशी दोन ओझी झाली.

अशात खापरला कामिनीच्या भावाच्या, नवलच्या, पोरीचं लग्न निघालं. हळदीला रात्री मुक्काम करणं भाग होतं. संध्याकाळची सुई देऊन ती निघाली, आणि दारात पिशवी खाली ठेवून तिने त्याला पुन्हा सगळं बजावलं. “लाल टोपननी सुई. दोन रेघा. आधी खाऊ घाला, मंग टोचा. बाटली हातमा घोळा, हालवू नका. आनि जरा बोलत ऱ्हावा तिनासंगे.”

“काय बोलू?”

“काही बी बोला. मी नही का बोलत?” कामिनी म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

सकाळी मनी वाटीशी आली, दोन घास खाल्ले आणि दाराकडे तोंड करून बसली. तोंडातून एक बारीक आवाज काढत होती, तो भूपेंद्रसाठी नव्हता. “तुन्ही माय खापरले गई,” तो म्हणाला, “आज मी शे.” मनीने कान मागे केले. त्याने बाटली काढली आणि कामिनी घोळते तशी तळहातांत घोळू लागला. तिच्यासारखीच घोळायची होती त्याला, किंबहुना तिच्याहून सफाईने. तो मनीकडे बघत होता, मनी दाराकडे बघत होती, आणि बाटली निसटून फरशीवर फुटली. काचा आणि तो दवाखान्याचा वास. रस्त्याच्या पलीकडे वाहरूचं मेडिकल उघडत होतं, शटरचा आवाजही आला. जाऊन दुसरी बाटली आणायची, दोन मिनिटांचं काम. पण वाहरू विचारणार, काका, आत्ताच तर नेली काकूंनी? आणि मग काकूंना सांगणार. कामिनी काही बोलणार नाही, फक्त हसेल. एक सकाळ, एक बाटली, तीही नीट धरता आली नाही. भूपेंद्रने फ्रिजच्या दारातून स्वतःचं पेन काढलं. इन्सुलिन म्हणजे इन्सुलिन. त्याचाही रोग तोच, तिचाही तोच, मशीनलाही फरक कळत नाही. पेनाच्या नळीत लाल टोपणाची सुई खुपसून त्याने औषध ओढलं, उजेडात धरलं, दोन रेघा भरल्या. रेघ म्हणजे रेघ. पेन पहिल्यांदा आलं तेव्हा वाहरूने सांगितलं होतं, “काका, पेनमाधलं औषध घट्ट ऱ्हास, अडीच पट. साध्या सुईमा ओढू नका.” ते शब्द भूपेंद्रला आठवले. टोचण्याआधी आठवले की टोचल्यावर, एवढंच त्याला पुढे कधी ठरवता आलं नाही. टोचताना त्याने ते वाक्य म्हणून बघायचं ठरवलं होतं. “काबर घाबरी...” म्हणाला, आणि पुढचं तोंडातून निघेना. परक्याच्या घरात भांड्याला हात लावल्यासारखं वाटलं त्याला.

मनी जाऊन कोपऱ्यात बसली. त्याने काचा गोळा केल्या, पेपर वाचला. मध्येच बघितलं तर ती ओसरीवरून येत होती आणि तिचे मागचे पाय तिचं ऐकत नव्हते. चार पावलं आली, भिंतीला टेकली, घसरली. तोंडातून लाळ, मग सगळं अंग ताठ, मग थरथर. भूपेंद्रने तिच्या कानाला सुई टोचली, रक्त मशीनवर धरलं. आकडा आलाच नाही, नुसती ‘Lo’ ही दोन इंग्रजी अक्षरं आली. त्याची साखर एकदा अशीच उतरली होती तेव्हा हीच अक्षरं आली होती. तो घाम, ती पोकळी, हातापायांतून निघून जाणारं सगळं बळ त्याला आतून ठाऊक होतं. म्हणजे हिला आत्ता तसं होतंय, आणि हिला सांगता येत नाही. डॉक्टरने पहिल्या रिंगला फोन उचलला. “हिरड्यांना मध चोळा, साखर चोळा, गोड काहीही. घशात ओतू नका. शुद्धीवर आली की खाऊ घाला, नाही आली तर गाडी काढा.” गोड! या घरात गोड होतं कुठे? त्याच्या रोगापायी कामिनीने साखरेचा डबा केव्हाच शेजारी देऊन टाकला होता. पण भूपेंद्रला शोधावं लागलं नाही. खुंटीवरच्या त्या जुन्या कोटाच्या आतल्या खिशात, सातपुड्यातून बाजाराला येणाऱ्या रूपलीबाईकडून कामिनीच्या नकळत घेतलेली मधाची बाटली होती, आणि तिच्यातलं निम्मं त्याच्या पोटात गेलेलं होतं.

त्याने मांडी घातली, मनीला आडवी घेतली, आणि मधात बोट बुडवून तिच्या हिरड्यांवर चोळू लागला. ज्या अंगठ्यावर त्याने आयुष्यभर कापूस तोलला त्याच अंगठ्याने तो तिचा ओठ वर धरत होता. तिचे दात त्याच्या बोटात रुतले. रुतू दे. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, त्याच्या मनात आलं : ही मेली तर तो शब्द मोकळा होईल. आलं ते आलं. त्याने ते परतवलं नाही, डोळ्यांसमोर नीट बघितलं, कापसातली घाण बघावी तसं, आणि मग त्याला स्वतःचीच अशी भीती वाटली की तो मोठ्याने बोलू लागला. “मरू नको, मनी. मी काय सांगू तिले? मरू नको.” किती वेळ गेला कोण जाणे. हायवेवरून ट्रक जात होते, गुजरातकडे आणि गुजरातकडून. मग त्याच्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. मनीची जीभ. तिने मध चाटला, मग बोट चाटलं, मग त्याच्या बोटातून आलेलं रक्तही चाटलं. भूपेंद्र रडला. रडता रडता तिला मटण भरवलं, परत मध लावला, परत मोजलं, आणि आकडा आला तेव्हा तो आकडा त्याने डॉक्टरला असा सांगितला की जणू पोरीचा दहावीचा निकालच. डॉक्टर म्हणाला, आज संध्याकाळी सुई नको. उद्या सकाळी मोजून, नव्या बाटलीतून, एकच रेघ.

दुपार उलटल्यावर कामिनी आली. हातांना हळद, केसांत अक्षता. मनी भूपेंद्रच्या मांडीवर होती, सकाळपासून उतरलीच नव्हती, आणि तोही उठला नव्हता. “मनी, ये,” कामिनी म्हणाली. मनीने डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, आणि डोकं परत भूपेंद्रच्या पोटात खुपसलं. कामिनी पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या तोंडावर जे आलं ते भूपेंद्रने लगेच ओळखलं. अर्ध्या साबणाच्या गालासकट त्याने ते आरशात बघितलं होतं.

“काय करं हिले तुम्हीन?”

हेव्याने विचारलं तिने, कसली जादू केली म्हणून. एक क्षणभर तो हेवा भूपेंद्रला मधाहून गोड लागला. गप्प राहिलं असतं तर मांजर त्याचं झालं होतं. पण मांडीवर मनीचं पोट वरखाली होत होतं, आणि त्याला गप्प बसवेना.

“बाटली फोडी मी. मंग मन्हा पेनमाईन दोन रेघा भऱ्यात. मरी जाती ती.”

कामिनी खाली बसली. मनीचा कान उलटा करून टोचल्याचे ठिपके बघितले, हिरड्या बघितल्या, बोटाचा वास घेतला. “मध कोठेन उना घरमा?”

“कोटना खिसामा व्हता.”

तिने त्याच्याकडे जे बघितलं त्यात त्या अर्ध्या बाटलीचा हिशेब झाला. “ते मांगेन देखसू,” ती म्हणाली. “वाहरूनं दुकान रस्तानी पल्याड शे. काबर नही गयात?”

भूपेंद्रला सांगता येण्यासारखं पुष्कळ होतं. पण तोंडातून निघालं ते पोरासारखं. “तू तिले ‘तू’ म्हनस.”

“मांजरले काय ‘तुम्ही’ म्हनू?”

“टोचतांना. मन्हा राजा, तुले सवय शे. ते मन्हं व्हतं. मन्हा दंडले टोचे तव्हय तू माले म्हनत व्हती.”

कामिनीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या तोंडावर हसू आलं नाही, दुसरंच काहीतरी आलं. “अवो, तुम्हले कोठे म्हनत व्हती मी?” ती हळूच म्हणाली. “मन्हा हातले म्हनत व्हती.” तिने हळदीचा उजवा हात पुढे केला. “सुई धरी का हाऊ असा थरथर करे. पहिला दिन तुम्हले टोचं नि मोरीमा जाईसन ओकनी मी. तुम्हले सांगती ते तुम्ही टोचू देतात का? मंग हातलेच समजाडत व्हती. घाबरू नको, मन्हा राजा. आज बी तेच करस.”

हात. भूपेंद्र त्या हाताकडे बघत बसला. ‘राजा’ होता तो हात, म्हणून ‘ऱ्हायना’, म्हणून मांजरीसाठीही वाक्य बदललं नव्हतं. ज्या सकाळी तो बाही वर करून सुखाची वाट बघत बसायचा, त्या प्रत्येक सकाळी ही बाई जीव मुठीत धरून यायची. पेन आलं तेव्हा सुटली होती ती त्याच्यापासून नाही, सुईपासून. शब्द कधी त्याचा नव्हताच, मनीचाही नव्हता. तिच्या त्या पोळलेल्या, भेगाळलेल्या, उजव्या हाताचा होता. भूपेंद्रला लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी, काय करावं त्या माणसाला, त्या हाताचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून झालं. नवी बाटली त्यानेच वाहरूकडून आणली होती, सगळं सांगून, वाहरूची बोलणी खाऊन. कामिनीने एक रेघ भरली. मनी भूपेंद्रच्या मांडीवर होती, त्यानेच मानेमागची चिमूट धरली. कामिनी खाली बसली, सुई जवळ आणली, आणि हात थरथरू लागला. तो वाट बघत राहिला. ती काही म्हणेना. काल सगळं बोलून झालं होतं, आता त्याच्या देखत हाताशी बोलायची तिला लाज वाटत होती; ओठ हलले आणि मिटले. सुई हवेत तशीच. मनी वर बघू लागली.

भूपेंद्रने मोकळ्या हाताने कामिनीचं मनगट धरलं. एवढी वर्षं ऐकलेलं वाक्य त्याला पाठ होतं.

“काबर घाबरी ऱ्हायना, मन्हा राजा?” तो त्या हाताला म्हणाला. “तुले सवय शे ना आते.”

सुई आत गेली, बाहेर आली. मनीने कान हलवला, बस.

“झायं,” कामिनी म्हणाली. तिने मान वर केली नाही. “सोड आते,” ती म्हणाली, “दुखस.”

‘सोडा’ नाही, ‘सोड’. मनगट त्याच्या मुठीत होतं, आणि सोडू शकेल असं तिथे दुसरं कोणी नव्हतं. भूपेंद्रने सोडलं नाही.